राखून ठेवलेले पट्टे

बाबांच्या निवृत्तीच्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी त्यांना शाल पांघरली आणि ते कंपनीचा कणा असल्याचं भाषण केलं. भाषण संपल्यावर कण्यानं स्टोअरमधून एक खोका मागून घेतला. त्यात लाकूड घासायच्या मशीनचे परदेशी पट्टे होते, कोरे करकरीत. शाल पुढं घरच्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून कामी आली. पट्टे मात्र बाबांनी ‘चांगल्या कामाला’ म्हणून बाजूला ठेवले. नंतर त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं, पाट, देव्हारेसुद्धा साध्या पट्ट्यांवर घासले. खोका गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तसाच राहिला.

चांगलं काम यंदा आलं. आमच्या गावी, पिशोरला, विहारात वाचनालय सुरू होणार होतं. त्याचं सागवानी टेबल बाबांनी अंगावर घेतलं. त्यांना कंपवात होऊन दोन वर्षं झालीत. कापणं, जोडणं त्यांनी दुसऱ्याकडून करवून घेतलं, पण घासाई माझीच, म्हणाले. मशीन जड, दोन्ही हातांनी धरून सोबत चालायचं. ते सुरू असलं की हातांची थरथर मशीनच्या थरथरीत मिसळून जाई आणि कोणती कुणाची ते कळत नसे. घासाई त्यांना का हवी होती ते मला ठाऊक होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

गच्चीवर टेबल मांडून पहिला कोरा पट्टा मी चढवला. अर्ध्या मिनिटात फाट्कन सुटला.

“बाण बघितला व्हता का?” बाबांनी विचारलं. पट्टा कुठल्या दिशेनं फिरवायचा, तो बाण आतल्या बाजूला छापलेला असतो.

“बघितला.”

“प्रोफेसर लोक. बाणावर पुस्तक लिहितील, अन् पट्टा उलटा बसवतील.”

दुसरा त्यांनी स्वतः बसवला. तो तेवढाही टिकला नाही. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी बाण दोनदा बघितला.

मी सुटलेला पट्टा उचलून पाहिला. कापड भक्कम, धार अशी की बोटाचं कातडं जावं. फक्त दोन टोकं धरून ठेवणारी आतली पट्टी वाळल्या सालीसारखी सुटली होती. पत्र्याखालच्या एवढ्या उन्हाळ्यांत गोंदच मेला होता. खोक्यातल्या प्रत्येक पट्ट्याचं तेच, आणि साधे पट्टे केव्हाच संपले होते.

उद्घाटन रविवारी होतं. बुधवारी मी शहागंज बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात नमुना घेऊन गेलो. दुकानदार बाबांना ओळखतो.

“ये साइज अब आताच नई साब. मशीन बंद हो गया कब का. चचा को बोलो, आराम करो.”

“बनवून नाही मिळणार?”

“मिलता ना. पर पूरा लॉट लेना पडता, महिना लगता.”

मग मी दुरुस्तीचे व्हिडिओ पाहिले. सगळ्यांत एक हसरा माणूस असतो आणि त्याचा जोड टिकतो. झटपट गोंद रोलरवर वळताच काचेसारखा तडकला. दोन ट्यूब मिसळून करायचा गोंद दिवसभर वाळवला, तो दोन मिनिटं चालला. शेवटी मी टोकं एकावर एक चढवून चिकटवली. हा जोड टिकला. बाबा खूश झाले, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. पण चढवल्या जागी गाठ झाली होती, आणि ती दर फेऱ्याला लाकडावर आपटत होती. मशीन बंद करून फुंकर मारली तेव्हा अख्ख्या टेबलावर आडवे वळ उमटलेले दिसले. त्यानंतर तोही सुटला.

“मी काचकागदानं घासतो, बाबा. शनिवारपर्यंत होईल.”

“व्हईल की. मंग ते तुझं टेबल झालं.”

“कुणाला कळणारे?”

“मी काय मेलो व्हय?”

त्यांनी स्वतः काचकागद घेतला. कागद हातात ठरेना. मशीन बंद होतं, त्यामुळं आता हात स्पष्ट दिसत होते. कुठं बघावं ते मला कळेना. मी गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसलंय का ते पाहत उभा राहिलो. ते नीटच बसलं होतं.

टेबल वळांसकट टेम्पोत चढलं.

पिशोरला पत्रिकेवर अकरा मान्यवर होते. वाचनालयात पुस्तकं अजून यायची होती, पण माईक आला होता. टेबल मंचावर नेऊन समितीनं त्यावर जमिनीपर्यंत निळी मखमल टाकली होती. तिच्यावर पुष्पगुच्छ, पाण्याच्या बाटल्या, स्मृतिचिन्हांचे खोके. लाकूड बोटभरही दिसत नव्हतं. मला हायसं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

बाबांना टेबलाला लागून, कडेची खुर्ची मिळाली. तिसरे मान्यवर ग्रंथ आणि क्रांती यांवर बोलत असताना बाबांनी हात हळूच मखमलीखाली सरकवला. बोटं वळांवरून फिरत असावीत, एकेक वळ मोजत. मखमलीचं टोक थरथरू लागलं.

एका कार्यकर्त्याला तो वारा वाटला. त्यानं लगबगीनं येऊन त्या टोकावर स्मृतिचिन्हाचा एक खोका ठेवला. बाबांनी हात काढून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.