शिळ्या पाण्याचे काका

“आधी पान्याले इचारू,” असं म्हणून ते शर्टाची बाही कोपराच्या वर चढवायचे, तळहात टँकमध्ये बुडवायचे आणि डोळे मिटून तो ओला हात हुंगायचे. मेलेल्या माशाकडे बघायचेसुद्धा नाहीत. अकोल्यातल्या आमच्या गल्लीत कुणाकडे मासा उलटा तरंगला की ह्या काकांना बोलावणं जायचं. उभा जन्म बडनेऱ्याला रेल्वेत काढून ते इथे मुलाकडे राहायला आले होते, येताना आपला माशांचा टँकही घेऊन. तुम्ही म्हणाल, हुंगून काय कळतं? मीही तेच म्हणायचे, आणि चांगलं मोठ्याने म्हणायचे. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ.

आमच्याकडे ते आले मामाजींसाठी. मामाजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि मामाजींनी बोलणंच टाकलं. घरात काहीतरी हलतं-फिरतं असावं म्हणून नवऱ्याने काचेचा टँक आणला, सहा गोल्डफिश सोडले. मामाजी समोर खुर्ची टाकून बसू लागले, माशांशी दोन शब्द बोलूही लागले. मला हायसं वाटलं. आणि मग मासे मरायला लागले. खाणं बदललं, हवेची मोटर बदलली, दुकानदाराने दिलेलं निळं औषध घातलं. कशाचा काही उपयोग नाही. चौथा मासा मेला त्या दिवशी मामाजींनी पुढचं ताट सरकवलं.

“माह्या हातालेच यश नाई,” ते म्हणाले. “तिलेबी नाई वाचोलं.”

पायात चपला सरकवल्या आणि काकांना घेऊनच आले.

काकांनी हात हुंगला. मग माझ्याकडे वळले. “सूनबाई, नळ कधी येते?”

“पाचव्या दिवशी. साऱ्या गल्लीतच तसं हाये ना काका.”

“अन् मासोई कधी मरते?”

मी आठवून पाहिलं. दर वेळी नळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता नळाचा दिवस म्हणजे आमच्याकडे केवढी धांदल! माठ, गुंड, पिंप, सगळ्यातलं शिळं पाणी ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. सासूबाईंचा तर नेमच होता, शिळं पाणी घरात ठेवायचं नाही. त्यांच्यामागे तो नेम मामाजींनी उचलला होता. मी दिवसभर शाळेत शिकवायला, नवरा दुकानात. त्यामुळे त्या नेमात त्यांनी काय काय घेतलंय ते आम्हाला माहीतच नव्हतं.

“मी त दर नळाले टँक घासतो, पुरं पानी बदलतो,” मामाजी म्हणाले. “शिळं पानी ठेवतच नाई.”

“म्हंजे मामाजी, तुमीच...” मी तोंड उघडलं.

“सूनबाई, चहा ठेवा,” काका म्हणाले. जन्मात चहा न प्यायलेला माणूस! मी गुमान आत गेले. कान मात्र बाहेरच ठेवले.

“भाऊ, नळाच्या पान्यात जंतू मारायची पावडर रायते. आपल्याले चालते, मासोईले नाई चालत. दोन दिवस बादली उघडी ठेवा, ते उडून जाते. अन् सगळं पानी कधीच नाई बदलायचं. थोडं काढा, थोडं घाला. मासोईले शिळंच पानी मानवते.”

“पन तिचा नेम...”

“बराबरच होता ना जी. मानसासाठी.”

मग मामाजींनी विचारलं, “म्हंजे मीच मारल्या?”

“मी शेजारी राहून आधी नाई आलो,” काका म्हणाले. “अर्धी चूक माही.”

मी चहाचा कप घेऊन दारातच उभी राहिले. रडू आवरेना. काकांनी तो चहा तोंड वाकडं करत पूर्ण प्यायला.

उरलेले दोन मासे जगले. अंगणात उघडी बादली कायमची आली. काका रोज संध्याकाळी यायचे आणि दोघं म्हातारे टँकसमोर बसायचे. मी एकदा विचारलं, “काका, तुमी मासे खाता काय?”

“वळख झाल्यापासून बंद केलं,” ते म्हणाले.

गेल्या वैशाखात काका झोपेतच गेले. मयत झाली की घरात साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. पुरुष मंडळी तिरडी घेऊन गेली. गुडघ्यांमुळे मामाजी मागेच राहिले, काकांच्या घरी खुर्चीत, कोरड्या डोळ्यांनी. बायकांनी माठ ओतला, पिंप ओतलं. मग काकांची सून बादली घेऊन त्यांच्या टँककडे वळली.

“थांब बाई!” मामाजी ओरडले. सासूबाई गेल्यापासून त्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. “ते नोको ओतू.”

“पन बाबूजी, घरातलं पानी ठेवत नाई ना जी.”

“मानसाचं ओता. हे मासोयाचं हाये.”

सून बादली घेऊन तशीच उभी राहिली. मामाजी गुडघ्यांवर हात देत उठले. सदऱ्याची बाही कोपराच्या वर चढवली, तळहात पाण्यात बुडवला आणि डोळे मिटून हुंगला.

मग त्यांना हुंदका फुटला.