कासूच्या वळणावर गप्प झालेली गाडी

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, हे एक विसरता येत नाही.

रोह्याच्या एका मालकाची जुनी विलायती मोटार वरातीसाठी पेणला निघाली होती. कासूजवळच्या वळणावर तिने कडेने चालणाऱ्या आदिवासी मजुराला उडवलं आणि पुढे झाडावर आदळली. माणूस जागीच गेला.

चालक ठाण्यात उभा होता. “साहेब, पाय ब्रेकवरच व्हता. गाडी थांबलीच नाय.”

तपासणीत पेडल दाबून पाहिलं, तर ब्रेक कडक होता, म्हणजे ठीक वाटला. गाडीचं तोंड चेपल्यामुळे चालवून पाहता आली नव्हती. शिवाय कासूच्या गॅरेजात आत्ताच ब्रेकचं काम करून घेतलं, असं चालकच सांगत होता. म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. दिवसभर बसवून मी तेच तेच विचारलं. संध्याकाळी तो म्हणाला, “लिवा साहेब, माझं लक्ष नव्हतं.” मी लिहून घेतलं. त्याचा परवाना आणि घरची चूल, दोन्ही गेल्यात जमा होती.

दोन दिवसांनी मयताच्या बायकोचा जबाब घ्यायला वाडीवर गेलो. ती म्हणाली, “लग्नसराईत ती गाडी नेहमी जायाची. वळणावर बिरेक दाबला की लय केकाटायची, मंग आमी बाजूला व्हायचो. त्या दिशी मी मागनंच येत व्हते, कायबी वाजलं नाय.”

तसाच परतलो आणि पंचांसमक्ष पुढचं चाक उतरवायला लावलं. डिस्क, म्हणजे ब्रेकची चकती, तेलकट होती आणि तिला घासणारे पॅड तेल पिऊन काळे पडले होते; पेडल कडक असूनही पकड उरली नव्हती.

कासूच्या गॅरेजातल्या मेकॅनिकला बोलावलं. तो फार वेळ टिकला नाही. “पावण्यांसमोर गाडी केकाटते, लाज जाते, आवाज बंद कर, असं मालक फोनवर बोलले. पॅड काढून घासायला पायजे व्हते. वरातीची घाई, म्हणून डिस्कवर तेल मारलं. आवाज लगेच गेला.”

“चालकाला सांगितलंस?”

“नाय. तो च्या प्यायला गेला व्हता.”

गुन्ह्यात मेकॅनिक आणि मालकाची नावं आली, चालक सुटला. सुटल्यावरही त्याने पुन्हा गाडीला हात लावला नाही. आता धाटावला एका कंपनीच्या गेटवर बसतो. मी एकदा माफी मागायला गेलो, तेव्हा तो उभा राहिला आणि नजर खाली घालून म्हणाला, “चूक माझीच व्हती साहेब.”

त्याला खोटं बोलायला मी शिकवलं होतं. इतकी वर्षं झाली, तो अजून तेच बोलतो, आणि आता मनापासून बोलतो.