ना सर, ना!

माझ्या मावशीच्या यजमानांइतका भित्रा माणूस साऱ्या बडोद्यात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांचाच विद्यार्थी निघेल. खरं तर त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. त्यांची तलवार अजून घरात आहे. पण काकांनी ती मावशीच्या जुन्या साडीत गुंडाळून, वर सुतळी आवळून, टोक भिंतीकडे करून माळ्यावर ठेवली आहे, आणि दसऱ्याला ती पूजेसाठी खाली काढायची वेळ आली की स्वतः जिन्यात जाऊन उभे राहतात. मांजलपूरला आम्ही एकाच सोसायटीत राहतो, ते तिसऱ्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर, त्यामुळे त्यांच्या भीतीचं वर्षभराचं वेळापत्रक मला पाठ आहे. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, जवळ आलं की पतंगांच्या मांजाच्या धास्तीने ते गळ्याला मफलर गुंडाळतात, आणि तो होळीपर्यंत सोडत नाहीत. घराबाहेर पडताना गॅसची शेगडी बंद आहे ना हे आधी स्वतः बघतात, मग मावशीला बघायला लावतात, आणि खाली आल्यावर मला किल्ली देऊन वर पाठवतात. पावसाळ्यात विश्वामित्रीला पाणी चढलं की मगरी रस्त्यावर येतात, हे बडोद्यात कुणाला नवं नाही; पण काका तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरातसुद्धा आधी काठी फिरवून मगच आत पाऊल टाकतात. "काका, मगर तीन जिने कशी चढेल हो?" असं मी एकदा विचारलं, तर अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "लिफ्ट छे ने!" मावशीने आता हसणंही सोडून दिलंय. तिचं म्हणणं असं, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा हे तिला बघून जे दचकले, ते अजून सावरलेले नाहीत.

असा हा माणूस आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आला. म्हणजे सकाळी शेगडीला घाबरायचं आणि दुपारी सल्फ्युरिक ॲसिडची बाटली हातात धरायची. पण खरं सांगते, ते फार सुरेख शिकवायचे, आणि त्यांच्या शिकवण्याचं सगळं गुपित त्या भीतीतच होतं. मी शाळेत असताना त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले होते, तेव्हाच मला त्यांची ती रीत कळली. काका आधी ठार चुकीचं वाक्य बोलायचे. तेही असं छाती पुढे काढून, की ऐकणाऱ्याला वाटावं, ब्रह्मदेवानेच येऊन सांगितलंय. "ॲसिडमां पाणी नाखवानुं!" म्हणजे आम्लात पाणी ओतायचं. आणि मग भुवया वर करून थांबायचे. ओतायचं असतं नेमकं उलट, पाण्यात आम्ल, तेही जपून, थोडं थोडं. आम्लावर पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून तोंडावर उडतं. त्या थांबण्यात अख्खा वर्ग बाकं बडवत ओरडायचा, "ना सर, ना!" मग काकांचा चेहरा उजळायचा आणि ते म्हणायचे, "शाब्बास! चला, आगळ," म्हणजे चला पुढे. त्यांचं मत असं, की बरोबर वाक्य पोरं विसरतात, पण मास्तरची चूक जन्मात विसरत नाहीत. नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांत त्यांचे कितीतरी विद्यार्थी कामाला आहेत, आणि कुठेही भेटले की नमस्कार करायच्या आधी "ना सर, ना!" म्हणतात.

निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना कॉलेजात फर्मान निघालं, की प्रत्येक प्राध्यापकाने आपले पाठ पॉडकास्ट करून द्यायचे. नोकरी करून शिकणारी मुलं कारखान्यातल्या पाळीमुळे वर्गात येऊ शकत नाहीत, ती बसमध्ये कानात घालून ऐकतील, अशी कल्पना. कल्पनेत वाईट काहीच नव्हतं. पण काकांची झोप उडाली. ते माझ्याकडे येऊन खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "वर्गात बोललेलं हवेत विरतं गं. चुकलो तर दुसऱ्या दिवशी सुधारता येतं. हे राहणार. आणि ऐकणाऱ्याचा चेहरा मला दिसणार नाही. त्याला समजलं की नाही, मला कसं कळायचं?" मी त्यांना धीर दिला, चहा दिला. चहा थंड झाल्यावर, म्हणजे जीभ भाजायचा धोका टळल्यावर, त्यांनी तो घेतला.

ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी जागा निवडली ती मावशीचं कपड्यांचं कपाट. बाहेर कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची हाक, वरच्यांचा मिक्सर. कपाटात कसं शांत. साड्यांच्या मधोमध डोकं घालून, हातात मोबाइल धरून ते वर्गातल्यासारखं "बेसो, बेसो", म्हणजे बसा, बसा, म्हणत पाठ सुरू करायचे, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाने मध्येच शिंकायचे. पहिला पाठ अर्थात आम्लांचा होता. पाठ लांबला, तेव्हा त्या ॲपनेच विचारलं, की मधल्या गप्प जागा काढून टाकू का? काकांना यंत्राला नाही म्हणायची भीती वाटते. बँकेच्या मशीनने पावती हवी का विचारलं, तरी ते हो म्हणतात, उगाच राग नको. त्यांनी हो म्हटलं, पाठ विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाठवला, आणि स्वतःचा आवाज ऐकायचं धाडस नसल्याने तो पुन्हा लावून बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत बसले होते, तेव्हा ते खाली आले. म्हणाले, "तू ऐक आणि सांग. मी कान बंद करून बसतो." मी पाठ लावला. आवाज छान आला होता, खणखणीत. मध्येच वाक्य आलं, "ॲसिडमां पाणी नाखवानुं." आणि त्याला लागून, श्वासभरही न थांबता, "शाब्बास! चला, आगळ."

मला हसू फुटलं. मी हसत हसत वर बघितलं तर काकांचे हात कानांवरून खाली आले होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता. कपाटात त्यांच्यासमोर वर्ग नव्हता; साड्या "ना सर" म्हणाल्या नव्हत्या. ते आपल्या सवयीने थांबले होते, मनातल्या मनात वर्गाचा आवाज ऐकला होता आणि शाब्बासकी देऊन मोकळे झाले होते. ते थांबणंही यंत्राने कापून टाकलं होतं. उरली होती फक्त चूक, आणि तिच्यावर सरांची शाब्बासकी.

"हेतल," ते एवढंच म्हणाले.

हेतल ही नवी विद्यार्थिनी. दुसऱ्या गावाहून बदलून आलेली, नंदेसरीला एका कारखान्यात नुकतीच लागलेली, आणि कामामुळे काकांच्या वर्गात एकदाही न बसलेली. बाकीच्यांना सरांची रीत ठाऊक होती, तिला ती ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. तिने सकाळीच निरोप पाठवला होता: 'सर, तुमचा पाठ बसमध्ये ऐकतेय. आज लॅबमध्ये पहिल्यांदाच ॲसिड पातळ करायचं काम माझ्याकडे आहे. आशीर्वाद द्या.' काकांनी आशीर्वाद पाठवलाही होता.

आम्ही तिला फोन लावला, तो बंद. आत जाताना फोन गेटवर जमा करावे लागतात. कारखान्याचा नंबर शोधून लावला, तो कुणी उचलेना. काकांनी पाठ ग्रुपवरून काढून टाकला, पण ऐकलेलं कुठे काढता येतं? "तू गाडी काढ ने," ते म्हणाले, आणि माझ्या आधी पायऱ्या उतरले. एरवी माझ्या स्कूटरवर मागे बसताना ते दोन्ही हातांनी सीट पकडून "हळू, हळू" असा जप करतात. त्या दिवशी हायवेला लागल्यावर मागून आवाज आला, "जोरात हाण!" ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि हा माणूस मला पुढे काढ म्हणत होता. खरं सांगायचं तर तेव्हा मी घाबरले. ज्याला आपण जन्मभर चिडवलं, त्याच्या भीतीत कधीतरी तथ्य असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मध्येच ते पुटपुटले, "तिचे डोळे... चष्मा दिला असेल ना गं तिला?" गॅस बघायचा राहिला, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

नंदेसरीला पोहोचलो तोच आतून भोंगा वाजायला लागला. काका गेटसमोर खालीच बसले. गेटवाला म्हणाला, "अंकल, शांति राखो. पाळी सुटली." पोलिसाला बघून रस्ता ओलांडणारे काका उठले आणि त्याची कॉलर धरून ओरडले, "शांती काय राखो! माझी मुलगी आहे आत!" गेटवाला बिचारा नाव लिहून घ्यायचंही विसरला आणि आत धावला. ती काही मिनिटं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. काका गेटच्या गजांना धरून उभे होते आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे बघत होते.

मग एक बुटकीशी मुलगी पांढरा एप्रन काढत बाहेर आली. धडधाकट. तिने काकांना कधी बघितलं नव्हतं. काकांनी फक्त विचारलं, "हेतल?" तिने आवाज ओळखला आणि वाकून पाया पडली.

"बेटा, ॲसिड..."

"पाण्यात ॲसिड, सर. थोडं थोडं," ती गुजरातीत म्हणाली आणि हसायला लागली. सकाळी तिचे इयरफोन घरी राहिले होते. तिने बसमध्ये पाठ मोठ्यानेच लावला होता. बसमध्ये काकांचे चार-पाच जुने विद्यार्थी होते, काही अर्धवट झोपेत. ते वाक्य आलं मात्र, सगळे एका सुरात ओरडले, "ना सर, ना!" ड्रायव्हरने दचकून ब्रेक लावला. मग त्यांनीच तिला सरांची रीत समजावली. काका हे ऐकून गेटपाशीच रडले, मफलर नव्हता म्हणून माझ्या ओढणीला डोळे पुसले. परत येताना मात्र "हळू, हळू" सुरू झालं, आणि वाटेत त्यांना गॅस आठवला.

त्यानंतर त्यांनी एकही पाठ एकट्याने केला नाही. कपाटासमोर स्टूल टाकून मला बसवायचे, आणि मी वेळेवर "ना सर, ना!" म्हणायचं. मी बँकेतल्या नोकरीवरून दमून आले तरी सुटका नव्हती. यंत्राने काही कापायचं विचारलं, तर आयुष्यात पहिल्यांदा ते नाही म्हणायला शिकले. ते पाठ नंदेसरीच्या बसमध्ये अजून वाजतात, आणि त्यात त्यांच्या आवाजामागे माझाही आवाज आहे.

सध्या काका पुण्याला लेकीकडे आहेत. हृदयाची झडप बदलायची आहे. ऑपरेशन या आठवड्यात व्हायचंय. आमच्याकडे फोन वाजला की आता मीच दचकते. त्यांना न्यायला गाडी आली, त्या सकाळी मी वर जाऊन शेगडी बघून आले, किल्ली मावशीकडे दिली. काका मागच्या सीटवर बसले होते, ऐन उन्हाळ्यात गळ्याला मफलर. मी खिडकीशी वाकले. त्यांनी छाती पुढे काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मला अजिबात भीती वाटत नाही."

आणि भुवया वर करून थांबले.

मावशी माझ्याकडे बघत होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती. ते थांबले होते, आणि उत्तर द्यायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"ना सर, ना," मी म्हटलं.

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात घट्ट धरला. त्यांचा हात थंडगार होता. "शाब्बास," ते हळूच म्हणाले.