बियाण्याची डबी

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला, त्या पहिल्या सालीच आमचं घर जाळलं. दप्तर त्यातच गेलं आणि सातवीत माझी शाळा सुटली. लग्न होऊन बंगलोरला गेले. मालक गवंडी. ते ज्या प्रयोगशाळेच्या भिंती बांधत होते, तिथल्या कँटीनच्या दारात मी तांदूळ निवडत बसायची. एका सरांनी माझे हात बघितले आणि विचारलं, "मायक्रोस्कोपखाली खसखशीएवढे तुकडे निवडशील का?" त्या विचारण्याचे उपकार मी अजून मानते. भीतीही तेव्हापासूनचीच: आज ना उद्या कुणीतरी म्हणणार, हिला इथं कुणी घेतलं?

सर पुण्याकडचे. टेलिफोनच्या काचेच्या तारांसाठी ते लेझर आखायचे. त्यातून एकाच रंगाचा उजेड निघायला हवा, डोळ्याला न दिसणारा. दोन निघाले की एक पुढं पळतो, एक मागं राहतो आणि लांब गेल्यावर सगळं बोलणं कालवतं. मला वाटायचं, एक तरणा बैल आणि एक म्हातारा, एका जुवाला. खसखशीएवढा एकेक तुकडा म्हणजे एक लेझर. सरांनी वर्षभर खपून त्याच्या पोटात बारीक लाटा आखल्या होत्या आणि मधोमध एक लाट मुद्दाम अर्ध्या पावलानं सरकवली होती. त्यानंच दुसरा रंग मरणार होता. चकती एकच तयार झाली. ती तोडून तुकडे निवडणं माझ्याकडे.

मी निवडले. सगळ्यात नितळ कडांचे बारा तुकडे एका डबीत घालून कपाटाच्या खालच्या खणात ठेवले आणि उरलेले सरांच्या टेबलावर. आमच्यात असंच करतात. ज्वारीची भरली कणसं आधी बियाण्याला काढायची, मग बाकीची दळायला. हे कधी कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. आणि आईला बघायला माहेरी, पालमला आले.

रजा वाढवून घ्यायची म्हणून एसटीडी बूथवरून फोन लावला. तासाभरानं लागला.

"सगळे तपासले," सर म्हणाले. "सगळ्यांत दोन रंग. माझी आखणीच चुकली, बाई. परवा दिल्लीची कमिटी येतेय. काम बंद करा म्हणून सांगून टाकतो."

"सर, चांगले न्हाईतच त्यात! चांगले मी—"

"काय? ऐकू येत नाही."

"कपाटात! खालच्या—"

खरखर झाली आणि लाइन गेली.

बूथवाले चाचा म्हणाले, "बेटी, पालमची लाइन हाय. दोन शबद बोललं की तिला दम लागतो."

"पुन्हा लावा ना, चाचा."

"लावायलोय की. परभणीचं एक्स्चेंजच उचलंना झालं."

बूथ बंद होईस्तोवर बसले. सकाळी तार करावी म्हटलं, तर नामांतरासाठी बंद. पोस्टाला कुलूप, एसट्या उभ्या. धाकटा भाऊ निळा झेंडा घेऊन दारात उभा.

"आक्का, चल की. लय पब्लिक यायलीय."

त्याला काय सांगणार? एक बस तेवढी सोडा म्हणून? ज्या नावापायी आमचं घर गेलं, त्याच नावासाठी हा बंद. मी गेले. घोषणाही दिल्या. बूथवरून जाताना ओढलेलं शटर दिसलं आणि पुढची घोषणा द्यायची राहून गेली.

बंगलोरला पोचले तेव्हा कमिटी येऊन काम बंद करून गेली होती. सर कागद बांधत होते. डबी त्यांच्यापुढं ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी एक तुकडा यंत्राला लावला. कागदावर एकच रेघ उठली, बाभळीच्या काट्यासारखी सरळ. दुसऱ्याची तशीच. तिसऱ्यानंतर त्यांनी यंत्र थांबवलं.

"आता कुणाला दाखवू?" ते म्हणाले. मला नाही, यंत्राला.

रागावले नाहीत. उलट मला शेजारच्या खोलीत, दुसऱ्या सरांकडे कामाला लावून दिलं. डबी माझ्या हातात देत म्हणाले, "नीट ठेव."

मी ती खालच्या खणात ठेवली. या वेळी वर चिठ्ठी चिकटवली. 'चांगले' एवढं लिहिलं. पुढं काय लिहावं, सुचेना.