शेवटून दुसऱ्या ओळीतली जागा

हवालदारमामांचे बूट सिंधीपुऱ्यातल्या सगळ्यांना माहीत होते. पायात घातलेले मात्र कोणी पाहिले नव्हते. मामा चपला घालून कापसाच्या जिनमध्ये पहाऱ्याच्या कामाला जात आणि संध्याकाळी ओट्यावर बसून केळीच्या सालीच्या आतल्या बाजूने ते बूट घासत. केळी आमच्याकडे ढिगाने. साल संपली की जुन्या धोतराचा फडका. जाणारायेणारा विचारी, "मामा, घालणार कधी हे?" मामा मान वर न करता म्हणत, "बोलावणं आलं की."

बोलावणार कोण, हा प्रश्नच होता. मामा एका संस्थानाच्या पलटणीत होते. त्या पलटणीबरोबर ते ब्रह्मदेशात लढून आले. पुढे संस्थान विलीन झालं, पलटण मोडली आणि मामा बुऱ्हाणपुरात बहिणीच्या आधाराने आले. बायको आधीच गेलेली, पदरात शांता नावाची मुलगी. "राजा गेला, पलटण गेली, बूट राहिले," असं ते म्हणत. त्यात तक्रार नसे. हवा पडली आहे असं सांगावं तसं सांगत.

माणसं वाकडी उभी असली की त्यांना पाहवत नसे. कंट्रोलच्या दुकानापुढची रांग ते स्वतः सरळ करीत आणि मग शेवटी जाऊन उभे राहत. एकदा आमची आई चिडून म्हणाली, "मामा, आम्ही साखर घ्यायला आलोय, लढायला नाही." मामा म्हणाले, "वहिनी, लढाईत इतकी ढकलाढकली नसते." आईला हसू आलं, आणि ती एक पाऊल मागे सरकली.

मी तेव्हा कचेरीत हंगामी लेखनिक होतो. सव्वीस जानेवारीला गावातल्या आणि आसपासच्या माजी सैनिकांची मिरवणूक काढायची, असं ठरलं. असं पहिल्यांदाच होत होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून नावांची यादी माझ्याकडे आली. साहेब नवे होते, बाहेरचे. त्यांनी एवढंच सांगितलं, "जिनके पास सरकारी कागज़ हो, उन्हीं के नाम."

मामांनी त्याच दिवशी आपला कागद आणून दिला. चार घड्यांचा, पिवळा पडलेला, खाली संस्थानाची मोहर. "बाबू, जपून हां. हा एकच आहे."

निंबोल्याचे, खकनारचे, गावातले मिळून मामांसकट चोवीस जण होते. बहुतेकांचा कदम सुटला होता. मामांनी त्यांना तापीच्या वाळूत रोज सकाळी उभं केलं. साहेबांना हुकूम हिंदीतून हवे होते. हे सगळे लेफ्ट-राइटवर वाढलेले. गोंधळ व्हायचा. मामा ओरडत, "पाय तेच आहेत रे! नुसतं नाव बदललं!" तीन-तीनच्या आठ ओळी त्यांनी बसवल्या. मी पाहायला गेलो असताना मला एक गोष्ट समजावून सांगितली. एखादा माणूस कमी पडला तर रिकामी जागा शेवटी ठेवत नाहीत. शेवटून दुसऱ्या ओळीत मधली जागा सोडतात. "पाहणाऱ्याला वाटतं चुकलं. पण फौजेची रीत आहे ती, बाबू."

आता जे लिहायचं ते लिहितो. मामांचा कागद मी साहेबांपुढे ठेवलाच नाही. मोडलेल्या संस्थानाची मोहर सरकारी धरायची का, एवढंच विचारायचं होतं. साहेब चिडतील, हंगामी माणूस शंका काढतो म्हणतील, याची भीती वाटली. कागद माझ्या खणात राहिला. मामांना सांगितलं, "वर पाठवलाय." वर म्हणजे कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. फौजेतला माणूस वर पाठवलेल्या गोष्टीबद्दल विचारत नाही.

सव्वीस तारखेला मामा बूट घालून मैदानावर आले. मी यादी हातात धरून त्यांच्याजवळ गेलो.

"मामा, वरून मंजुरी नाही आली."

"नाही आली?"

"नाही."

त्यांनी बुटांकडे पाहिलं, मग रांगेकडे. "बरं," म्हणाले. पुढे जाऊन लोकांना सांगितलं, "तेवीस झाले. मधली जागा सोडा." ती ओळ त्यांनी स्वतः नीट केली आणि बाजूला झाले.

मिरवणूक चौकातून गेली तेव्हा माझ्याशेजारचा दुकानदार म्हणाला, "एक माणूस कमी पडला वाटतं." पलीकडच्या कडेला मामा गर्दीत सावधान उभे होते. ती मोकळी जागा समोर आली तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. संध्याकाळी ओट्यावर मामा होते, बूट नव्हते. ते बूट पुन्हा कधी दिसले नाहीत.

दोन वर्षांनी खंडव्याला कामासाठी गेलो असताना तिथल्या कारकुनाला सहज विचारलं. तो म्हणाला, "संस्थानी फौजेचे कागद? आम्ही तर घेतले. नुसतं विचारायचं होतं हो." मी परत आलो आणि कोणाला काही बोललो नाही. कागद देणार तरी कसा? तो तर मी वर पाठवला होता. मामा मधूनमधून विचारत, "बाबू, कागद आला का माघारी?" मी म्हणत असे, "अजून नाही." शेवटच्या आजारातही त्यांनी तेवढंच विचारलं, आणि मी तेवढंच म्हणालो.

गेल्या महिन्यात निंबोल्याला शांताकडे गेलो. तीही आता थकली आहे. सगळं सांगितलं आणि कागद पुढे केला. तिने तो घेतला, उलगडला नाही.

"बाबांना माहीत होतं का?"

"नाही."

"मग त्यांना सांगायचं होतं, भाऊ. मला आता सांगून काय होनार?"

तिने चहाचं विचारलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. आम्ही दोघं ओसरीवर बसून राहिलो. आमच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी होती.