सरांना माझी हलगी हवी होती

“हात चालव रे. टेबल फुटलं तरी चालेल.”

सर म्हणाले आणि व्हरांड्यातले सगळे हसले. मी लॅटिन कविता वाचत होतो. एक अक्षर लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब. वजन सुटू नये म्हणून बोटांनी टेबलावर ठेका धरायची मला सवय. सर बाकीच्यांना म्हणाले, “ह्याचे वडील हलगी वाजवायचे. रोमन वृत्त हातात कसं उतरलंय बघा. रक्तातच असतं ह्यांच्या.”

ह्यांच्या म्हणजे कुणाच्या, ते मला कळलं. बाकीच्यांनाही कळलं असावं, कारण पुढची कविता येईपर्यंत कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. मी नगरला कॉलेजात. गाव बेलापूर, घर मांगवाड्यात. आम्ही ख्रिस्ती झालो, पण मांगवाडा मांगवाडाच राहिला. मिशनच्या म्हाताऱ्या फादरांनी मला प्रार्थनेपुरती लॅटिन शिकवली. मी हात धुऊन मागं लागलो म्हणून कविताही शिकवल्या. पुढं सावेडीतल्या ह्या सरांचा पत्ता लागला. नव्या बंगल्यात ते दर रविवारी ग्रीक आणि रोमन कवितेचा वर्ग घ्यायचे. मुंबईचे एक मोठे अभ्यासक त्यांचे मित्र. ते वर्गातला एक विद्यार्थी पुढच्या अभ्यासाला घेऊन जाणार होते. “तुझाच विचार आहे,” सर मला म्हणाले होते.

विश्वास ठेवावासा वाटायचा. ठेवला नाही. वाचायची वेळ आली की सर माझ्याकडं बघायचे. अर्थ सांगायची आली की दुसऱ्याकडं. चहा सगळ्यांसारख्याच कपात मिळायचा, तरी माझ्या कपावर वेगळी खूण नाही ना, हे मी आधी फिरवून बघायचो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

त्या दिवशी निघताना सर म्हणाले, “पुढच्या रविवारी मुंबईचे पाहुणे येतायत. हलगी घेऊन ये. शेकायला मागच्या अंगणात शेगडी ठेवतो.”

शेकून कातडं ताणल्याशिवाय हलगी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मागचं अंगण कशासाठी, हे मला ठाऊक होतं. तरी “हो सर” म्हणालो. मुंबई हवी होती मला. फार हवी होती.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हलगी कधीच खुंटीला टांगली होती. एका साली ते पाटलाच्या वरातीपुढं वाजवायला गेले नाहीत. तेव्हा गावानं आमचं दळण बंद केलं होतं. आई जात्यावर दळून दळून रडायची. आबा मात्र पुन्हा वाजवायला गेले नाहीत.

शनिवारी गावी जाऊन मी खुंटीला हात घातला. आबा बाजेवरून बघत होते.

“कुनाचं लगीन हाय?”

“लगीन न्हाई, आबा. सरांच्या बंगल्यावर न्यायचीय. कवितेला.”

“कोन म्हनलं?”

“सर.”

“मंग त्यो हुकूमच की. आमी येशीवर वाजवली, तू बंगल्यात वाजीव. लई शिकलास.”

मला राग आला. आबांचाच. म्हाताऱ्याला लॅटिनमधलं काय कळतंय, असं मनात आलं. आणि एकदम स्वतःचीच किळस आली. सर माझ्याविषयी जे मनात म्हणत असतील, तेच मी आबांविषयी म्हणत होतो.

रविवारी हात हलवत गेलो. पाहुणे मधल्या खुर्चीत बसले होते.

“हलगी?” सर म्हणाले.

“आणली नाही.”

“बरं, टेबल आहे. वाच.”

हात मांडीवर ठेवून वाचलं. मेजवानीची कविता होती. वाचून थांबलो नाही, अर्थ सांगायला लागलो. चांदीची भांडी, मध घातलेली दारू, द्राक्षं, सगळ्याचं कवीनं भरभरून वर्णन केलंय. दिवा धरून उभ्या असलेल्या गुलामाला मात्र अर्धी ओळ. कढत तेल त्याच्या पायावर सांडतं, तरी तो हलत नाही. “माझ्या मते खरी कविता तिथं आहे, सर.”

“तुला अर्थ कुणी विचारला?”

“कुणीच नाही. कधीच नाही. म्हणून सांगतोय.”

सर लाल झाले. पाहुणे घड्याळाकडं बघत म्हणाले, “आवाज छान आहे.”

मुंबईला एका डॉक्टरांचा मुलगा गेला. जाण्याआधी माझ्या होस्टेलवर आला. म्हणाला, “मी जाईपर्यंत रोज थोडं वाचून दाखव ना. वृत्त जमत नाहीये मला.”

“अर्थही ऐकावा लागेल,” मी म्हणालो. तो हसला. पुन्हा आला नाही.

लॅटिन मी सोडली नाही. ती कुणाच्या बापाची नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन एकट्यानं वाचली, चुकत वाचली, अजून वाचतो. अजूनही कुणी गोड बोलून म्हणतं, तुमच्या लोकांचा आवाज काय असतो हो! अशा वेळी मी पुस्तक मिटतो. आधी मी काय म्हणतो ते ऐका. पटलं नाही तर भांडा. तेवढं जमत नसेल, तर माझा आवाजही तुम्हाला मिळणार नाही.