डावीकडची फिरकी

२०२२ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. त्या वर्षी आमच्या अहेरीला बदलून आलेली एक नर्सबाई मला रोज सकाळी व्यायामशाळेच्या दारात भेटायची. आत आली की चपला काढायची, पिशवीतला फडका काढायची आणि आपला स्टीलचा खांब हात पुरेल तिथपासून खालपर्यंत पुसून घ्यायची. लेकराचं तोंड पुसावं तसा. मग माझ्याकडे बघून म्हणायची, "आजचा दिवस डाव्याचा, भाऊ."

तिचा रोजचाच दिवस डाव्याचा असायचा.

व्यायामशाळेची किल्ली माझ्याकडे होती. मी चौथी शिकलेलो. सगळा जन्म लाकडाच्या डेपोत गेला. पण तरुणपणी मल्लखांबावर या भागात माझ्यापुढे कोणी टिकत नव्हतं. हे पूर्वी लोक सांगायचे. ते लोक आता राहिले नाहीत, म्हणून मला सांगावं लागतं.

ती मूळची आमच्याच भागातली, पण पुण्याला नोकरीत असताना हा खांब शिकली होती. तीन तुकडे जोडून तिने तो फरशी आणि वरच्या लोखंडी तुळईच्या मध्ये घट्ट बसवला. गावात कुजबुज झाली. सिस्टर खांबावर नाचते म्हणे. मीही विचारलंच, "बाई, हा नाच आहे का कसरत?"

"नाचच आहे भाऊ. पण आधी कसरत नाई केली तर नाच खाली पडते."

मग ती चढायची. उजव्या हाताने धरलं की फिरकी अशी सुंदर जायची की बघत राहावं. बाहेरचा पाय लांब फेकायची, अंग खांबापासून दूर सोडायची, मोठा गोल घ्यायची आणि मध्येच पाय जवळ ओढून भोवऱ्यासारखी वेग धरायची. तीच फिरकी डाव्या हातावर घेतली की दीड फेरीत टाचा फरशीवर आपटायच्या. कुठलंही काम शिकताना माणसाची एक बाजू मागे राहते, हे तुम्हीही पाहिलं असेल. बहुतेक लोक ती बाजू लपवतात. ही तिलाच रोज पुढे करायची.

पुण्याच्या तिच्या शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, दोन्ही बाजूंनी पाच-पाच फिरक्या घेतल्याचा व्हिडिओ पाठव, मग तू मुलींना शिकवू शकतेस. गावातल्या चार मुली तिच्याकडे नाव देऊन बसल्या होत्या. म्हणून ती डाव्याच्या मागे लागली होती. दवाखान्यात सलाईनची पेटी डाव्या हाताने उचलायची. पाण्याची बादली डाव्या हाताने न्यायची. खांबावर उजव्याच्या आधाराने वर जायची आणि डाव्यावर भार घेऊन सावकाश खाली यायची. "चढून ताकद येत नाई भाऊ," म्हणायची, "हळू उतरून येते."

एकदा मी पैज लावली. कोण जास्त वेळ लोंबकळतो. मी मिशीला पीळ देऊन लटकलो. ती खांदे खाली ओढून शांत लटकली होती आणि माझे खांदे कानाला लागले होते. मी आधी सुटलो.

"वय पाहा ना बाई माझं," मी म्हटलं.

"पैज लावताना काऊन नाई सांगितलं वय?"

मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी तिने चहा आणला, मग बोललो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

आमच्या वस्तादांनी शिकवलं होतं, खांबाला एरंडेल लावल्याशिवाय अंग लावायचं नाही. सागवानी मल्लखांबावर तेल नसलं तर कातडं सोलून निघतं. तिचा खांब मला पहिल्या दिवसापासून कोरडा, भुकेला वाटायचा. मी म्हटलं, तेल लावून देतो. ती एकदम ओरडली, "नको भाऊ! याले तेल लावलं तर मी मरीन. हा कातडीनंच धरा लागते."

मला राग आला. काल आलेली पोर मला खांब शिकवून राहिली!

ती दोन दिवस शिबिराच्या ड्युटीवर गेली, तेव्हा मी शिडी लावली. वरून खाली थोडं एरंडेल चोळलं आणि कोरड्या कपड्याने पुसलं. खांब आरशासारखा चमकला. मला वाटलं, फरक दिसला की आपणच म्हणेल, भाऊ, तुमचंच खरं.

ती आली. हात पुरेल तिथपासून खाली पुसलं. त्याच्या वरचं तसंच राहिलं. वर चढली, डावा हात टाकला, पाय फेकला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. इतकी छान डावी फिरकी तिची कधीच गेली नव्हती. तिसऱ्या फेरीला हात सटकला. खाली गादी होती, पण डावं मनगट गादीच्या बाहेर फरशीवर आलं.

बाहेरच्या एका रिक्षावाल्याने तिला दवाखान्यात नेलं. मी सोबत गेलो नाही. मी शिडी लावली आणि साबणाच्या पाण्याने खांब वरपासून धुतला. कोणाला कळायच्या आधी.

प्लास्टर दीड महिना होतं. मी भेटायला गेलो तर तीच मला समजावत होती. "माहा डावाच कच्चा आहे भाऊ. उगाच भरवसा केला त्याच्यावर." मी खाली मान घालून चहा प्यालो. प्लास्टर निघाल्यावर ती आली, उजव्याने दोन फिरक्या घेतल्या. डावा हात खांबाजवळ न्यायची आणि मागे घ्यायची. पुढे येणंच बंद झालं. मुलींना तिने निरोप दिला की जमणार नाही. दोन-तीनदा सांगावं म्हणून मी तिच्या क्वार्टरपर्यंत गेलो आणि फाटकावरूनच परत आलो. आयुष्यात माफी मागितली नव्हती. कशी मागतात, तेही ठाऊक नव्हतं.

मग तिची बदली आली. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती निरोप घ्यायला आली. खांबाकडे बघून हसली. "राहू द्या इथीच. पडदा लावाले कामी येईन."

माझ्या तोंडून निघालं, "बाई, तुमचा हात नाई सटकला. मी तेल लावलं होतं."

"कवा?"

"तुम्ही शिबिराले गेल्त्या तवा."

"मी नाई म्हटलं होतं ना?"

"हो."

तिने डावं मनगट उजव्या हातात धरलं. "इतके दिवस मी या हाताले शिव्या देऊन राह्यली भाऊ," एवढंच म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. मी हाक मारली. ती वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी व्यायामशाळा उघडली. खांब उतरवला, तीन तुकडे सोडवले, माझ्या जाड चादरीत गुंडाळून दोरीने बांधले. सायकलच्या दांडीला बांधून बसस्थानकावर नेले. चंद्रपूरची गाडी लागली होती. ती बॅगांजवळ उभी होती. मी बोचकं तिच्यासमोर खाली ठेवलं.

कंडक्टर ओरडला, "हे लोखंड कोनाचं आहे? गाडीत टाकाचं का नाई?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बोचक्याकडे. "माहं आहे," ती म्हणाली आणि वाकून डाव्या हाताने एक टोक धरलं.

मी दुसरं टोक उचललं.